बिनमिठाचे प्रेसिडेंट

आमच्या म्युनिसिपालिटीच्या प्रेसिडेंटांच्या कोटाच्या डाव्या खिशात पितळेची एक डबी असे आणि डबीत मीठ असे. उजव्या खिशात काहीच नसे, कारण तो फाटका होता. मी हेडक्लार्क म्हणून रुजू झालो त्या दिवशीही तो फाटका होता आणि त्यांचं प्रेसिडेंटपद गेलं त्या दिवशीही. मधल्या काळात गावात नळ आला, दिवे आले, मोटारस्टँड आला. खिसा मात्र राहून गेला.

त्यांना सगळं गाव आबा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. गाव आमचं एरंडोलच्या पुढे, जळगाव-धुळे रस्त्यावर. जळगावचे लोक आम्हाला धुळ्याकडचे समजत आणि धुळ्याचे जळगावकडचे. कामाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे आम्हाला पलीकडचेच समजत.

आबा शेतकरी माणूस. कपाशी, भुईमूग, विहिरीवर थोडी केळी. शाळा मराठी चौथीपर्यंत. प्रेसिडेंट झाल्यावरही ते अहिराणीतच बोलत, अगदी सभेतसुद्धा, आणि मी ते सरकारी मराठीत उतरवून घेत असे. नळयोजनेचा पहिला नकाशा पाहून ते म्हणाले, "हाऊ बठ्ठा गोंधळ शे." मी लिहिलं, 'सदर नकाशात काही त्रुटी आढळतात.' वर्षभरात आमची अशी जोडी जमली की ते बोलायच्या आधी मी त्रुटी लिहून ठेवू लागलो.

आता मिठाबद्दल. आमच्याकडे राजकारण कचेरीत होत नाही, शेतात होतं. थंडी पडली की भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी उखळीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर शेंगदाणे, कांद्याची पात, तेलाची फोडणी. ज्याला मेंबर व्हायचं असेल तो पार्टी देतो. ज्याला ठराव पास करून घ्यायचा असेल तोही देतो. कोणी काही मागत नाही. दोन महिन्यांनी सभेत हात वर करायची वेळ आली की यजमान फक्त एकदा तुमच्याकडे बघतो. खाल्लेलं मीठ आपोआप हात वर करतं.

आबा प्रत्येक पार्टीला जात. बोलावणं मोडणं त्यांना पाप वाटे. पण जायच्या आधी निरोप धाडत, माझं भरीत बिनमिठाचं काढून ठेवा. मग पंगतीत बसून डबी काढत, दोन चिमटी मीठ भरितावर टाकत, कालवत आणि भरपूर जेवत. ज्वारीची भाकर घेत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची घेत नसत, कारण कळण्याच्या भाकरीत मीठ घालतात. हात धुताना यजमानाला म्हणत, "भरीत तुमनं, मीठ मनं."

यजमान हसत आणि मनातून चरफडत. पुढे लोकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जिलबीत मीठ नसतं, त्यामुळे आबांना ती चालते. तेव्हापासून गावात जिलबीचा खप वाढला. आबा जिलबी खात, अगदी आठ-दहा, आणि सभेत काय करायचं ते करत. जिलबी राजकारणात मोडत नाही असं त्यांचं मत होतं.

हे वेड कुठून आलं, हे मी त्यांना एकदाच विचारलं. आम्ही जळगावला कलेक्टरसाहेबांकडे निघालो होतो आणि मोटार चाकातली हवा गेल्यामुळे रस्त्यात उभी होती. आबा बाभळीखाली बसले होते.

"मना बाप चांगला माणूस व्हता," ते म्हणाले. "पन एक जनना आठे मीठ खाई बठना. मंग त्यानासाठे कोर्टमा उभा राहिना आन खोटं बोलना. दुसरानी जमीन गयी."

"मग?"

"मंग काय. बाप मरापर्यंत त्या वावरना रस्तावरथीन गया नही. फेरा मारीसन जाये."

एवढं बोलून ते चाकाकडे बघायला गेले. त्यानंतर हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

त्या दिवशी कलेक्टरसाहेबांनी चहाबरोबर खारी बिस्किटं ठेवली होती. आबांनी बटलरला विचारलं, "ह्यामा मीठ शे का?" बटलर गोंधळला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोकरीत नवा होतो, घाबरून म्हणालो, "प्रेसिडेंटसाहेबांना मिठाचं पथ्य आहे." साहेब माणूस कनवाळू. त्यांनी आठ दिवसांत सिव्हिल सर्जनला आमच्या गावी धाडलं. सर्जननं आबांच्या जिभेपासून गुडघ्यापर्यंत तपासणी केली आणि मूत्रपिंडाचा विकार असल्याचा दाखला दिला. तो दाखला सरकारी फायलीत लागला. पुढे कित्येक वर्षं जळगावहून येणाऱ्या पत्रांत शेवटी प्रेसिडेंटांच्या प्रकृतीची चौकशी असे आणि मी 'उतार आहे' असं कळवत असे.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी मिठावरून देशभर धरपकड चालू होती. खिशात मिठाची डबी बाळगणारा प्रेसिडेंट, ही बातमी फौजदारांपर्यंत जायला वेळ लागला नाही. ते कचेरीत आले आणि अदबीनं म्हणाले, डबी बघू. आबांनी टेबलावर ठेवली. हे मीठ सरकारी की बेकायदेशीर, हे ठरवायचं कसं, याचा विचार करून फौजदारांनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं.

"दुकानचंच दिसतंय," ते म्हणाले.

"दुकाननंच शे," आबा म्हणाले. "पन आते तुम्ही मनं मीठ खादं, फौजदारसाहेब."

फौजदार हसले नाहीत. ते मिरजेकडचे होते, पण एवढी अहिराणी त्यांना समजली. बदली होईपर्यंत ते आमच्या कचेरीच्या रस्त्यानं फारसे फिरकले नाहीत. सत्याग्रहवाल्या मंडळींनी हे ऐकलं आणि त्यांना वाटलं, आबा आपले. ते नदीकाठच्या मातीतून काढलेलं मीठ कागदाच्या पुडीत घेऊन आले. आबांनी पुडी परत दिली. मग तेही रागावले. आबांच्या मते हे ठीकच झालं होतं. दोन्हीकडचे रागावले म्हणजे आपण मधोमध आहोत, असा त्यांचा हिशेब होता.

मी त्या हिशेबावर बेहद्द खूश होतो. असा प्रेसिडेंट दुसऱ्या कोणत्या गावाला नाही, असं मी धुळ्याला सासुरवाडीत जाऊन सांगत असे. हा माणूस कोणाचाच मिंधा नाही, हे मला फार मोठं वाटे. कोणाचाच मिंधा नसलेला माणूस कोणाचाच नसतो, हे मला दाखवून दिलं ते सोनाबाईनं.

सोनाबाई नाल्यापलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीला गावातल्या कोणत्याही विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. बाया घागरी घेऊन विहिरीपासून दहा हातांवर उभ्या राहत आणि कोणी वरून ओतलं तर भरून नेत. ओतणाऱ्याला घाई असली तर रिकाम्या नेत. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खणत. हे मी रोज कचेरीला येता-जाता बघत असे. त्यात लिहून घेण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

नळयोजना झाली तेव्हा चौकाचौकांत सार्वजनिक नळ बसले. शेवटी एकच नळ उरला आणि एकाच नळापुरते पाईप. तो कुठे बसवायचा यावर गाव पेटलं.

आबांचे व्याही म्हणजे आमचे व्हाइस प्रेसिडेंट. त्यांना नाना म्हणत. आबांची एकुलती मुलगी नानांच्या घरात दिली होती. नानांची जिनिंगची फॅक्टरी होती आणि तो नळ त्यांना फॅक्टरीच्या दाराशी हवा होता, मजुरांसाठी. मजुरांबद्दल नानांना असा कळवळा पूर्वी कधी आला नव्हता, पण माणसाला कळवळा केव्हा यावा याचा नियम नाही. दुसरीकडून प्रांतसाहेबांचं पत्र आलं की नळ सरकारी बंगल्याजवळ बसवणं सोयीचं होईल. पत्राच्या शेवटी आबांच्या प्रकृतीची चौकशी होती आणि त्याखाली, म्युनिसिपालिटीचा कारभार नीट चालत नसेल तर सरकारला तो हाती घ्यावा लागतो, अशी सर्वसाधारण माहितीही होती.

तिसरा अर्ज नाल्यापलीकडच्या वस्तीचा. त्यावर अंगठेच अंगठे होते. अर्ज सोनाबाई स्वतः घेऊन आली आणि व्हरांड्याच्या पायरीखाली ठेवून मागे सरली. मी तो उचलून आवक-बारनिशीत नोंदवला.

नानांनी पार्टी दिली. तशी पार्टी मी पुन्हा पाहिली नाही. काड्यांचा धूर पार एरंडोलच्या वाटेपर्यंत दिसत होता. आबांसाठी बिनमिठाचं भरीत चांदीच्या वाटीत वेगळं काढलं होतं. आबांनी डबी काढली. नाना शेजारी बसले आणि भाकर मोडता मोडता म्हणाले, "आखाजी जवळ ई राहिनी, आबा. पोर माहेरनी वाट पाही राहिनी."

खानदेशात ज्याची मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते तो बाप. जिची वाट बंद झाली तिच्या बापाकडे लोक नुसते बघतात. आबांच्या दारच्या निंबाला दरवर्षी त्या सणाला झोका बांधला जाई आणि बाप असून ते स्वतः लेकीला झोका देत. मी पाहिलं आहे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जो आनंद असे तो प्रेसिडेंटच्या खुर्चीत कधी दिसला नाही.

त्या दिवशी आबांनी मीठ दोनदा टाकलं आणि मग भरीत तसंच ठेवलं.

त्यानंतर त्यांनी सभा पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. तिसऱ्या वेळी त्यांनी मला सांगितलं की सूचना काढा, प्रेसिडेंटांची प्रकृती बरी नाही. "मूत्रपिंड?" मी विचारलं. "तेच," ते म्हणाले. कलेक्टरांच्या फायलीला प्रथमच काही आधार मिळाला. मी मनात म्हणत होतो, आबा मधोमध उभे राहून कोणाचंच करणार नाहीत आणि पाईप गंजून जातील. एका परीनं तेही न्यायाचंच झालं असतं.

सोनाबाई दर बाजाराच्या दिवशी येऊन पायरीखाली उभी राही. एके बाजारी आबा व्हरांड्यात बसले होते. भोवती चार मेंबर, दहा रिकामटेकडे. तिनं सगळ्यांसमोर पदर सारखा केला आणि म्हणाली,

"आबा, आईतवारले आमना आठे भरीत शे. तुम्ही या."

प्रेसिडेंटला असं आमंत्रण त्या वस्तीतून तोवर कोणी दिलं नव्हतं. बोलावणं मोडायचं नाही हा आबांचा नियम सगळ्या गावाला पाठ होता, तसा तिलाही होता. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"येसु," ते म्हणाले. "मनं तेवढं बिनमिठानं काढी ठेवजा."

"ते जमाव नही," सोनाबाई म्हणाली. "आमना आठे हंडी एकच शे."

कोणीतरी मागे खुसखुसलं. सोनाबाई जायला वळली, मग थांबली.

"आबा, तुम्ही कोनंच मीठ खातस नही. मंग तुमले लाज कोनी वाटी?"

हे ती रागानं म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं आणि गेली. आबा संध्याकाळपर्यंत त्याच जागी बसून होते. सहीसाठी कागद नेले तर त्यांनी तीन ठिकाणी तारखेच्या जागी सही केली.

रविवारी दुपारी आबा कोट घालून माझ्या दारात उभे. "चाला, भाऊसाहेब." मी चप्पल घातली. प्रेसिडेंट म्हणतात म्हणून निघालो, कुठे ते माहीत होतं, आणि सबंध रस्ताभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो की घरी कळलं तर काय.

वस्तीत निंबाखाली सारवून ठेवलं होतं. माणसं दोन्हीकडे उभी होती, पोरंसुद्धा. हंडी खरोखर एकच होती. आबा मांडी घालून बसले. त्यांनी खिशातून डबी काढली, हातात फिरवली आणि माझ्याकडे दिली.

"धरा हाई."

मी डबी धरली. सोनाबाईनं पळसाच्या पानावर भाकर ठेवली, भरीत वाढलं. आबांनी घास घेतला. चावला. सगळी वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी दुसरा घास घेतला आणि मग ते शेतातून दमून आलेला माणूस जेवतो तसे जेवू लागले.

मग सोनाबाईनं दुसरं पान माझ्यापुढे ठेवलं.

मी डबी हातात धरून उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "माझी एकादशी आहे."

सोनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "एकादशी तं परवा व्हती, भाऊसाहेब," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पान उचलून घेतलं, दुसऱ्याला दिलं. तिथं उपाशी माणसं बरीच होती, पान वाया गेलं नाही. आबांनी मान वर केली नाही. मला त्या क्षणाची आजही लाज वाटते. उन्हात उभं राहून घाम येतो तशी ती अजून अंगावर येते, कोणी काही न म्हणता.

परत येताना आबांनी डबी मागितली नाही. मी ती त्यांच्या कोटाच्या खिशात सरकवली. घाईत उजव्या खिशात सरकवली, ती खालून रस्त्यावर पडली. आबांनी उचलली आणि डाव्या खिशात ठेवली.

सभा त्याच आठवड्यात भरली. वस्तीच्या बाजूनं आणि फॅक्टरीच्या बाजूनं मतं समसमान पडली. प्रांतसाहेबांच्या बंगल्याला एकही मत पडलं नाही, पण त्याची वाच्यता करायची नाही असं आपोआप ठरलं. समसमान झाली की निकालाचं मत प्रेसिडेंटचं. नाना उठले. त्यांनी कायद्याचं पुस्तक आणलं होतं.

"प्रेसिडेंटनी त्या वस्तीत जेवण घेतलं आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले. रागावले की ते शुद्ध बोलत. "तेव्हा ते या बाबतीत निःपक्षपाती राहिलेले नाहीत. त्यांना मत देता येणार नाही."

"तुमना आठे बी मी जेवनू, नाना," आबा म्हणाले.

"आमच्याकडे बिनमिठाचं जेवलात. तिथं काय जेवलात ते सभेला सांगा."

सभेत इतकी शांतता मी त्यापूर्वी अंदाजपत्रकाच्या वेळीही पाहिली नव्हती. आबांनी खुर्चीचे हात धरले.

"हा, खादं," ते म्हणाले. "मीठ व्हतं. जराखं जास्तच व्हतं. लिखी ल्या, भाऊसाहेब."

मी लिहिलं.

"मी त्यासनं मीठ खायेल शे. मनं मत त्यासले. हाई बी लिखा."

मी तेही लिहिलं. नानांनी पुस्तक मिटलं. आता त्यांना कोणावर तरी हात टाकायचा होता. ते माझ्याकडे वळले.

"हेडक्लार्क सोबत होते. त्यांनीही खाल्लं का, ते सभेला कळू द्या. नोकरानं गावाचा धर्म बुडवला असेल तर तेही नोंदवून घ्या."

मी उभा राहिलो. खाल्लं म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर, का नाही, हा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात आबाच बोलले, माझ्याकडे न बघता.

"त्यासले एकादशी व्हती."

सभेतल्या प्रत्येकाला एकादशी केव्हा होती हे माहीत होतं. निम्म्यांनी ती केली होती. पण कोणी बोललं नाही. आमच्या म्युनिसिपालिटीच्या प्रोसिडिंगच्या वहीत इंग्रजी तारखेबरोबर मराठी तिथी लिहायची जुनी पद्धत आहे, ती मी कधी चुकवली नाही. माझ्याच अक्षरात तिथं लिहिलेलं आहे, 'रविवार, त्रयोदशी, रोजी प्रेसिडेंट यांनी सदर वस्तीत भोजन केले. हेडक्लार्क यांस एकादशी असल्याने त्यांनी केले नाही.' पुढच्या सभेत हे प्रोसिडिंग एकमतानं मंजूर झालं. त्या वर्षात एकमतानं मंजूर झालेलं तेवढं एकच.

महिना संपायच्या आत आबांवर अविश्वासाचा ठराव आला आणि पास झाला. नाना प्रेसिडेंट झाले. वस्तीतल्या नळाचे पाईप तोवर घालून झाले होते, उकरायचे तर पुन्हा खर्च. म्हणून नानांनी त्या नळाचं उद्घाटन केलं. लाल फीत कापली, तासभर भाषण केलं आणि या नळामागे आपले अविरत श्रम असल्याचं सांगितलं. आबा गर्दीत मागे उभे होते. शेवटी जिलब्या वाटल्या, त्यातल्या त्यांनी दोन खाल्ल्या.

आखाजीला मुलगी आली नाही. आबांनी झोका बांधला होता. चार दिवस तो निंबाला तसाच लोंबत होता. शेजारच्या पोरी बसायला आल्या तर आबा म्हणत, बसा, आणि घरात जात. पुढच्या आखाजीलाही झोका बांधला, पुढच्या आखाजीलाही ती आली नाही. तिसऱ्या वर्षी नानांना निवडणुकीत आबांच्या भावकीची मतं हवी होती, तेव्हा मुलगी आखाजीच्या आधीच आठ दिवस आली, बैलगाडीत पापडांचे डबे आणि दोन मुलं घेऊन. आबांनी मतं दिली की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

भावकीनं आणि गावानं त्यांना पार्ट्यांना बोलावणं मात्र बंद केलं, ते बंदच राहिलं. एका थंडीत ते कचेरीत आले, व्हरांड्यातच थांबले आणि डबी माझ्या टेबलावर ठेवायला शिपायाकडे दिली. मी धावत बाहेर आलो.

"आते माले कोन बलावस, भाऊसाहेब?" ते म्हणाले. "तुमले नोकरी करनी शे. तुमले लागी."

हे ते टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या काळजीनंच बोलले. मी डबी ठेवून घेतली आणि पुढे चार प्रेसिडेंटांच्या हाताखाली काम केलं. डबी खणात राहिली, मी तिच्याशिवायच सगळीकडे जेवलो.

नळाबद्दल सांगायचं तर उन्हाळ्यात नदी आटली की आमचं पंपाचं इंजिन खालच्या विहिरीचं पाणी ओढतं. गावात घरोघरी आड आहेत, त्यामुळे नळाचं पाणी प्यायची वेळ कोणावर येत नाही. नाल्यापलीकडे आड नाही. दर उन्हाळ्यात त्या वस्तीचा अर्ज येई की नळाला खारट पाणी येतं. दर उन्हाळ्यात मी शेरा मारी, 'चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळले नाही.' चौकशी म्हणजे मागच्या वर्षीचा शेरा बघून घेणे.

स्वराज्याचा झेंडा कचेरीवर लागला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आबा गेले. ऐन वैशाखात. नदीवर पोचवायला माणसं कमी नव्हती, मेल्यावर लोक येतात. नानाही होते आणि रडलेही. परतीची वाट वस्तीवरून जाते. नळाशी सोनाबाई बादली भरून उभी होती. केस पांढरे झाले होते. येणाऱ्यांच्या हातापायांवर पाणी घालावं म्हणून ती उभी होती, आणि येणारी माणसं नाल्याच्या कडेनं, उन्हातून, लांबचा फेरा घेऊन गावात जात होती. मला एकदम बाभळीखाली बसलेले आबा आठवले.

मी सरळ वाटेनं गेलो. तिनं पायांवर पाणी घातलं, हातांवर घातलं. मी तिथंच उभा राहिलो. घसा कोरडा पडला होता. सोनाबाईनं बादली खाली ठेवली, पितळी तांब्या घासून घेतला, नळाखाली धरला.

"आज काय तीथ शे, भाऊसाहेब?" तिनं विचारलं.

पंचवीस वर्षं रोज सकाळी कचेरीत गेल्यावर मी सगळ्यांत आधी तिथी लिहीत आलो होतो. त्या सकाळीही लिहिली होती.

"ध्यानात नाही," मी म्हणालो आणि ओंजळ पुढे केली.

तिनं पाणी घातलं. मी प्यायलो आणि पुन्हा ओंजळ केली. पाणी खारट होतं. तक्रारीत तथ्य होतं.